हिरव्या इंजिनाची चाकं

"हे आता चालायचं नाही, ताई," असं म्हणून चिमटेकाकांनी चष्मा काढला आणि शर्टच्या टोकाने पुसायला घेतला.

समोरच्या स्टुलावर बसलेल्या सिस्टर ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या. अंगावर गणवेश, पायात पांढरे बूट, आणि मांडीवर टॉवेलची रिकामी घडी. त्या टॉवेलात गुंडाळून आणलेलं इंजिन काकांच्या टेबलावर उताणं पडलं होतं. वीतभर लांबीचं, वाफेच्या इंजिनाची नक्कल, हिरव्या रंगाचं.

"अजिबातच नाही?"

"जुना धातू आहे. आतल्या आत पिचत जातो. मोटर दुरुस्त केली तरी चार दिवस नाही टिकायचं."

"तुम्ही म्हणता म्हणजे नाहीच म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या. "सगळे तेच सांगत होते. काका नाही म्हणाले, की पुढे कुणाकडे जायचं नाही. बाबांनी एकदा चालताना बघितलं असतं, एवढंच हो."

त्यांच्या बाबांची गोष्ट त्यांनी आल्या आल्या सांगितली होती. एका मोठ्या कचेरीत ते छत्तीस वर्षं लिफ्टमन होते. निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, जन्मभर वरखाली केलं, आता जरा आडवं जाऊ दे. म्हणून हे जुनं इंजिन कुठूनतरी मिळवलं, फळीवर रूळ ठोकले आणि लिफ्टच्या दाराचा उरलेला हिरवा रंग स्वतःच्या हाताने इंजिनाला दिला. मग इंजिन बंद पडलं, आणि त्यानंतर वर्षभराने बाबांची उजवी बाजू गेली.

काका मान डोलावत ऐकत होते, पण त्यांचं लक्ष होतं त्या सहा चाकांवर. एकालाही तडा नव्हता. इंजिनाला झालं होतं काय, तर आतलं तेल वाळून डिंकासारखं घट्ट झालं होतं आणि मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे दोन एवढेसे तुकडे झिजले होते. दुपारभराचं काम.

चिमटेकाकांनी टेलिफोनच्या कचेरीत उभी हयात बारीक यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. हातात कायम चिमटा, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि तेच घरापर्यंत आलं. निवृत्तीनंतर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीला काचा लावून त्यांनी टेबल मांडलं. गावोगावचे हौशी लोक जुनी इंजिनं घेऊन त्यांच्याकडे येत. काका चालतं म्हणाले तर ते चालायचंच, आणि नाही म्हणाले तर लोक निमूट उठायचे. एवढीच त्यांची मिळकत, आणि ती त्यांना पुरेशी वाटायची.

त्यांच्या स्वतःच्या कपाटातही याच घडणीचं एक इंजिन होतं, काळं. ते लहान असताना वडिलांनी आणून दिलेलं. त्याच्या धातूला मात्र खरोखरच ती कीड लागली. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी उचललं, तर चाकांचा भुगा हातात आला. तेव्हापासून काका तशी चाकं शोधत होते. पत्रं लिहिली, ओळखीपाळखी काढल्या, भंगाराची खोकी उपसली, पण कुठे म्हणून मिळाली नाहीत. आणि आज ती आपल्या पायांनी चालत घरी आली होती.

"मग हे घरी नेऊन तरी काय करू?" सिस्टर उठल्या. "तुमच्याकडेच राहू दे. कुणाच्या तरी कामी येईल."

पांढऱ्या बुटांचा आवाज जिना उतरत गेला. तीन मजले होते. हाक मारायला वेळ भरपूर होता.

त्याच आठवड्यात चाकं काळ्या इंजिनाला लागली. दाबून बसवलेली चाकं निघताना थोडी सैल झाली, ती काकांनी पक्क्या चिकटद्रव्याने घट्ट केली. इंजिन रुळावर ठेवलं, वीज दिली, आणि ते अकरा वर्षांनी निघालं. हात पुसत काकू गॅलरीत आल्या आणि कौतुकाने बघत राहिल्या.

"चालायला लागलं की हो. चाकं कुठली?"

"मिळाली एका मोडीत," काका म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

काकू आणखी क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या.

गंमत अशी की ज्या इंजिनासाठी एवढं केलं, ते चालवावंसं काकांना वाटेना. रविवारी इंजिनांच्या हौशी मंडळातले मित्र जमले तेव्हा त्यांनी ते कपाटाबाहेर काढलंच नाही. कुणी "तुमच्या काळ्याचं काय झालं?" असं विचारलं, तर "आहे तसंच" म्हणून विषय बदलला. घरात एक चांगली गोष्ट आली होती आणि ती लपवून ठेवायची पाळी आली होती.

दोन महिन्यांनी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी बांधून ते इस्पितळाच्या कॉटवर पडले होते, तेव्हा कुणीतरी हलक्या हाताने उशी सारखी केली.

"काका, ओळखलंत का? मी हिरव्या इंजिनवाली."

काकांनी चादर वर ओढून घेतली.

"अगं, इकडे ये," सिस्टरनी दुसऱ्या परिचारिकेला बोलावलं. "मी सांगत होते ना, ते हे काका. दुसरा कुणी असता तर करून देतो म्हणाला असता आणि सहा महिने झुलवलं असतं. यांनी तोंडावर सांगितलं, नाही होणार. अशी माणसं राहिली नाहीत आता."

"बाबा कसे आहेत?" काकांनी विचारलं. काहीतरी विचारणं भाग होतं.

"तसेच आहेत. रुळांची फळी कॉटखालून काढू देत नाहीत. मी समजावलं, बाबा, चिमटेकाकाच नाही म्हणाले. तर तोंड भिंतीकडे केलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. लहान मुलासारखं झालंय." मग त्यांनी काकांच्या खांद्यावर थोपटलं. "तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुमचा काय दोष त्यात?"

उघड्या डोळ्याने काका छताकडे बघत राहिले. एखाद्याने मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. मुस्कटात मारून घेणं एका क्षणात संपतं. इथे तर दर चार तासांनी डोळ्यात औषध घालायला त्याच सिस्टर येत होत्या आणि दर वेळी गोड बोलत होत्या.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, काकू भाजी निवडत असताना, काकांनी सगळं सांगून टाकलं. काकूंचे हात थांबले नाहीत.

"तरीच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चाकं कुठली विचारलं तेव्हा चष्मा पुसत बसलात. एवढी वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर. तुम्ही खोटं बोलताना तुमच्या काचा चकचकीत होतात." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मला वाटलं, असेल काहीतरी किरकोळ. एका आजारी माणसाच्या तोंडचं काढून घेतलं असेल, असं नव्हतं वाटलं."

काकूंनी पुढची शेंग मोडली.

"काढा ती चाकं आणि लावा परत त्यांची त्यांना."

"ती आता निघायची नाहीत. ओढली तर फुटतील."

"मग?"

"मग आपलंच इंजिन द्यावं लागेल. म्हणजे खालचा सगळा भाग. वरून त्यांचं हिरवं कवच बसेल. घडण एकच आहे."

"आपलं?" काकू म्हणाल्या. "त्यांच्या चाकांशिवाय ते चालत तरी होतं का?"

डोळा बरा होईपर्यंत डॉक्टरांनी बारीक काम करायला मनाई केली होती. ते तीन आठवडे काकांना फार जड गेले. कुणाचं पाऊल जिन्यावर वाजलं की त्यांना धडकी भरे. मनाई उठली त्या सकाळी त्यांनी काळं कवच उतरवलं. पुढचे दोन स्क्रू, मागचा एक. खालचा सांगाडा पुसून काढला, त्याच्यावर हिरवं कवच बसवलं आणि तेच तीन स्क्रू आवळले. लिफ्टमनने दिलेला रंग ब्रशच्या रेघा उठलेला, कडेला ओघळलेला होता. काकांनी त्याला हात लावला नाही. मग बिनचाकांचा हिरव्या इंजिनाचा जुना सांगाडाही त्यांनी कागदात गुंडाळला. तोही सिस्टरच्या बाबांचाच होता. टेबलावर काळं कवच तेवढं उरलं. वडिलांनी ते आणलं तेव्हा किती खूश होते, हे काकांना आठवलं, आणि या सगळ्यात त्यांची आठवणही आपण विटाळली असं वाटलं.

संध्याकाळी इस्पितळात पत्ता विचारून ते सिस्टरच्या दारात उभे राहिले. वाटेत चार वाक्यं घोकून ठेवली होती. दार उघडलं, सिस्टरनी आधी काकांकडे आणि मग हातातल्या हिरव्या इंजिनाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की चारही वाक्यं पळाली.

"काका, झालं हे? कुठे मिळाले वाटतं सुटे भाग?"

नुसतं हो म्हणायचं होतं. उलट शाबासकी मिळाली असती, बसायला खुर्ची मिळाली असती. काकांचा हात चष्म्याकडे गेला. तो त्यांनी खाली घेतला.

"नाही, ताई. भाग मिळाले नाहीत. हे खराब झालंच नव्हतं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी खोटं बोललो. दुपारभराचं काम होतं. मला याची चाकं हवी होती, माझ्या इंजिनासाठी. म्हणून नाही म्हणालो."

सिस्टर दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. त्यांना हे समजायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ काकांना त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं.

"चाकं," त्या शेवटी म्हणाल्या. "मागितली असतीत तर?"

मागायचं काकांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"वॉर्डात मी सगळ्यांना तुमचं नाव सांगत होते."

"ऐकलं मी."

"बाबांना तुम्हीच सांगा," सिस्टर बाजूला झाल्या. "मी नाही सांगणार. तुमचं खोटं एकदा माझ्या तोंडून त्यांना सांगून झालंय."

आतल्या खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर लिफ्टमन उशीला टेकून बसले होते. दाढी गुळगुळीत केलेली, निर्जीव उजवा हात मांडीवर नीट ठेवलेला. त्यांना सगळं समजे, पण बोलायला एकच शब्द उरला होता. भूक लागली, पंखा हवा झाला, राग आला, तरी ते "बास" एवढंच म्हणत. इंजिन दिसताच त्यांचा डावा हात उचलला गेला.

"आधी ऐकून घ्या," काका म्हणाले.

उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं. टेलिफोनच्या कचेरीत साहेबासमोर चूक कबूल करताना सांगत तसं, आडपडदा न ठेवता. मध्येच लिफ्टमन "बास" म्हणाले. गप्प बस म्हणाले, की पुरे झालं, की आणखी काही, हे कळायला मार्ग नव्हता. काकांनी शेवटपर्यंत सांगितलं. मग गुडघे टेकून त्यांनी कॉटखालची फळी ओढली, धूळ पुसली, रूळ कोरड्या फडक्याने घासले आणि फळी जेवणाच्या टेबलावर मांडून टेबल कॉटला लावलं. वेग कमीजास्त करायचं बटण त्यांनी लिफ्टमनच्या डाव्या हाताखाली ठेवलं.

इंजिन निघालं. पहिल्या फेरीला लिफ्टमननी वेग फार दिला, दुसरीला कमी केला, तिसरीला बरोबर साधला. समोरच्या वळणावर ते थांबवून त्यांनी मागे घेतलं, पुन्हा पुढे सोडलं. तोंडाची डावी कड वर गेली होती. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. मघाशी नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. खोलीत काका आहेत की नाहीत, याच्याशी त्यांचा संबंध उरला नव्हता. सिस्टर कॉटच्या कडेला बसून वडिलांचा चेहरा बघत होत्या. काकांना कुणी बस म्हणालं नाही. ते भिंतीशी उभे राहिले, आणि एवढी शिक्षा त्यांना कमीच वाटली.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "महिन्यातून एकदा तेल लागतं याला. मी येऊन घालत जाईन."

"नको," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मला दाखवून ठेवा. मी घालीन."

काकांनी कागदातला जुना सांगाडा फळीशेजारी ठेवला, मग खिशातून तेलाची छोटी बाटली आणि सुई लावलेली सिरिंज काढली. इंजिन उताणं धरून दाखवलं, इथे एक थेंब, इथे एक, आणि मोटरजवळ अर्धाच, जास्त झालं तर जळतं. सिस्टरनी सिरिंज घेतली, बोटावर तोलली, टोक वर धरून हवा काढून टाकली. सुईच्या टोकाशी तेलाचा एवढासा मणी आला, थरथरला नाही, आणि नेमका आसाच्या भोकात उतरला. मग दुसरा. मग मोटरजवळ अर्धा.

"बरोबर?"

"बरोबर."

एवढा नेमका थेंब काकांनाही साधला नसता. सवयीने त्यांनी सिरिंज परत घ्यायला हात पुढे केला होता. सिस्टरनी सुईवर टोपण बसवलं, सिरिंज आणि बाटली बाबांच्या औषधांच्या खोक्यात ठेवली आणि झाकण लावलं. काकांनी हात मागे घेतला आणि चपला घालायला दाराकडे वळले.