चाकाचा आऊट

राघोला नाशकात नोकरी लागली, पण टेमघरला बहिणीच्या घरी राहून तो ज्यांचं गॅरेज सांभाळायचा, त्या दाजींनी अडवलं. "जुन्या बुलेटचं चाक डुलतंय, त्याचा आऊट काढ, मग खुशाल जा."

सकाळभर स्पोकच्या तारा आवळून चाक सरळ करावं, जेवून यावं, तर ते मेलं पुन्हा डुलतंय! राघो स्वतःच्या हातांनाच शिव्या घालायचा.

आज तो ताटावरून मधेच उठून आला. बघतो तर त्याची बहीण शेवंता तारा आवळायच्या चावीने त्या सैल करत होती.

"ताई, अगं हे काय?"

तिने मान वर केली नाही. "तू घरात हाईस तवर ह्यांचा हात उठत न्हाय माझ्यावर."

राघोने तिच्या हातातली चावी घेतली आणि उरलेल्या तारा स्वतःच सैल केल्या.