मामांचं लायसन

आमच्या घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब हिलालमामा टाकणार, हे नकाशा निघायच्या आधीच ठरलं होतं. हिलालमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे, बेबीबाईंचे धाकटे भाऊ. राहतात तापीपलीकडे आणि आसपासच्या गावांत घरं बांधतात. "अक्कानं घर मन्हा हातनं व्हई," असं त्यांनी मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांदेखत जाहीर केलं, तेव्हा सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. आई-वडील गेल्यावर त्यांना माहेर म्हणून हा एकच भाऊ उरला. दर आखाजीला तो स्वतः न्यायला येतो. वर्षातले तेवढेच दिवस त्या कुणाच्या सासू नसतात. अशा प्रेमाच्या कामात नाक खुपसणारी सून कुणाला मिळू नये, पण त्यांना मी मिळाले.

माझं नंदुरबारात मेडिकल आहे. माझं नाव आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर चौकटीत लावल्याशिवाय मला दुकान उघडता येत नाही. आणि माणसांच्या डोक्यावर एवढं काँक्रीट ठेवणाऱ्याला कुणी काहीच विचारायचं नाही? मला हे पटत नव्हतं. नवऱ्याला, नवनीतला, तसं म्हटलं तर त्याने कपाळाला हात लावला. "मामाले लायसन इचारशी तू? आईनं माहेर तुटी जाई!"

तरी मी विचारलं. मामा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. सासूबाई शेजारी वाल सोलत होत्या.

"मामा, तुम्हनं लायसन शे ना?"

"शे ना! कोन म्हने नही?" मामांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून एक कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हाई देख. जीप बी चालस, ट्रॅक्टर बी चालस."

नवनीत खो खो हसला. मलाही हसू आवरेना. आमच्याकडे लायसन म्हटलं की गाडीचंच, दुसरं काही असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

"हाई गाडीनं शे, मामा. मी बांधकामनं इचारी ऱ्हायनी."

"बांधकामले कसानं लायसन? भीत काय रस्तावर पयस का?"

भिंत पळत नाही, पण पडते, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बांधकाम विभागात ठेकेदारांची नोंदणी असते, काम आणि अनुभव बघून ती देतात, हे जमेल तेवढ्या गोडीत सांगितलं. मामांनी बशी खाली ठेवली. "केस पिकनात मन्हा या कामम्हा," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. त्यांनी कधी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मग तेच म्हणाले, "कागदच पायजे ना? शांतीलालकडे शे. तो मन्हा दोस्त शे. त्यान्हा नाववर काम दखाडू, स्लॅब मी टाकसू."

नवनीतचा जीव भांड्यात पडला. "व्हयनं तर मंग!"

माझं मात्र डोकं फिरलं. कारण हा धंदा मला पाठ आहे. माझं प्रमाणपत्र भाड्याने मागायला लोक येतात: ते भिंतीवर माझं नाव लावणार, गोळ्या दुसराच कुणी देणार. खांडबाऱ्याहून आलेल्या एकाला मी दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. आता घरच्याच माणसासमोर काय बोलायचं? मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

"नाववर नको. शांतीलाललेच टाकू दे."

मामा त्यांच्याकडे वळले. "अक्का, तू बी?"

"खापरले तू बांधेल दुकानना छज्जा पडना, तवयपाईन माले भेव लागस, भाऊ." त्या हातातल्या शेंगेकडे बघत होत्या. "कोनले लागनं नही, देवनी किरपा. पन माले भेव लागस. तुले कसं सांगू?"

खापर गावातल्या त्या पडलेल्या छज्ज्याचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. भावाचं नाव खराब होऊ नये म्हणून ही बाई ते मनात दाबून बसली होती, आणि त्याच हातांचा स्लॅब डोक्यावर घ्यायला तयार झाली होती. एक माहेर राखायला माणूस किती गप्प बसतं! मला त्यांचा राग आला आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटलं.

मामा उठले, टोपी सारखी केली आणि चहा अर्धा टाकून निघाले. सासूबाईंनी "जेवी जाय" म्हटलं, तेही त्यांनी ऐकलं नाही.

शांतीलालची नोंदणी मी बांधकाम विभागात जाऊन तपासली. चालू होती, त्याच्याच नावावर होती. मी त्याला बजावलं, स्लॅबच्या दिवशी तू स्वतः उभा पाहिजेस. तो राहिला. स्लॅब चांगला पडला, पाणी मारून झालं, टेकू-फळ्या निघाल्या, आणि या सगळ्या काळात मामांचा एक फोन आला नाही. सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आखाजी जवळ आली. गल्लीत झोके बांधले गेले, शेजारच्या सुनांना न्यायला त्यांचे भाऊ येऊन गेले. सासूबाईंनी पिशवी भरली नाही. सांजोऱ्या मात्र केल्या आणि डबा झाकून ठेवला. मी नवनीतला म्हटलं, मी जाऊन मामांच्या पाया पडते. तो म्हणाला, पायाने काय होणार, तुझं तोंड आड येतं.

आदल्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. मामा आत आले, कुणाशी न बोलता थेट जिना चढले. आम्ही मागोमाग गेलो. नव्या खोलीत उभं राहून त्यांनी वर बघितलं, कोपरे बघितले, तुळईवर तळहात थापटला.

"बेस टाकेल शे," म्हणाले. मग बहिणीकडे वळले. "अक्का, मन्हा घरना स्लॅब बी मीच टाकेल शे. तठे तुले झोप येई का?"

सासूबाईंनी पदराने हात पुसले.

"तठे तू निजस ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग माले कसानं भेव?"