शंभरातले एक्केचाळीस

पडद्यावर एकेक करून शंभर लाल ठिपके उमटायचे. विझायच्या आत ते माऊसने टिपायचे. नगरच्या स्पर्धेसाठी हात बसावा म्हणून पंकजने हा प्रोग्राम स्वतःच लिहिला होता. स्पर्धा कॉम्प्युटरवरच्या बंदुकबाजीच्या खेळाची, आणि शेवगावच्या कॉम्प्युटर क्लासच्या टोळीतला नेमबाज म्हणजे तिथला मास्तर पंकज. दसऱ्याआधी नव्वदच्या खाली तो कधी आला नव्हता. दसरा झाला आणि त्रेसष्ट आले. मग अठ्ठावन्न. आज एक्केचाळीस.

पंकजने माऊसवरचा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. त्याच्या वडिलांना, आबांना, कंपवात होता. एवढा नावाजलेला शिंपी. पण चाळिशीत सुईत दोरा जाईना आणि शिलाई मशीन कायमचं बंद पडलं. ते दुखणं आता आपल्या हातात उतरलं, या भीतीने पंकज चार दिवस आबांच्या पंगतीला बसला नव्हता. भाकरी मोडणारे ते थरथरते हात त्याला बघवत नव्हते. त्याने पुन्हा प्रोग्राम लावला. एकोणचाळीस.

"सर, रडताय?" क्लासमध्ये शिकवणाऱ्या भारतीने विचारलं.

त्याने नुसता हात पुढे केला. भारतीने हात पाहिला, मग माऊस उलटा केला. पडद्यावरचा बाण फिरवणारी आतली रबरी गोळी लालपिवळी माखलेली.

"खंडेनवमीला याची पूजा कुणी केली?"

"मीच." कुंकू लागायचं ते खऱ्या हत्याराला, म्हणून या शहाण्याने माऊस उलटा करून थेट गोळीलाच हळदकुंकू चोपडलं होतं! विद्यार्थ्याचा माऊस अडला असता तर पंकजने सर्वांत आधी गोळीच काढून पाहिली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला थेट मरणच दिसलं.

भारतीने गोळी पुसली. ब्याण्णव आले. पंकज हसत सुटला आणि तसाच सायकल दामटत घरी गेला.

"आबा, वाढा! आज संगंच बसू."

आबांनी ताट पुढे सरकवलं, पण स्वतः घास घेईनात. पंकजचे पहिले चार घास ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले.

"नीट हाय रं तुजा हात," ते म्हणाले. "चार दिस तू माज्यापासून लपत हुतास. मला वाटलं, ह्ये दुखणं लागलं तुलाबी. माज्यामुळं."

पंकजने हातातला घास आबांपुढे धरला.