टोपीवाली बदकं नक्की कोणाला आवडायची?

मी वॉलपेपर बोलतोय. पिवळा रंग, त्यावर निळ्या टोप्या घातलेली दोनशे चौदा बदकं. हसा, हसा. सवय आहे मला.

अमेरिकेतल्या हॅनकॉक गावच्या दुकानात वॉलपेपरचे नमुने चाळताना हेल्मी लेहटोनेनही मला बघून हसली होती. शेजारी तिचा नवरा अर्वो उभा. तो हिवाळाभर रस्त्यावरचं बर्फ ढकलणारा ट्रक चालवायचा आणि दिवसाकाठी मोजून वीस शब्द बोलायचा. बायको हसली म्हणजे तिला आवडलं, असं तो धरून चालला. विचारलं मात्र नाही.

पुढे हेल्मी बहिणीच्या बाळंतपणाला आठ दिवस दुलूथला गेली. इकडे अर्वोने बाथरूमच्या भिंतींना नवे प्लास्टरबोर्ड, म्हणजे कागदात मढवलेले प्लास्टरचे तक्ते ठोकले आणि त्या कोऱ्या बोर्डांवर, प्रायमरचा एक हातही न देता, मला थेट चिकटवलं. खळ अशी फासली की मी आणि बोर्ड जन्माचे एक झालो.

हेल्मी परतली. दारातच थबकली. मग म्हणाली, "छान आहे."

त्या घरात याहून मोठी स्तुती नव्हती. मी फुलून गेलो.

छत्तीस वर्षं काढली मी तिथे. अर्वोचं साहेबाशी करायचं राहिलेलं भांडण तो दाढी करताना आरशाशी करायचा. आई गेल्याचा फोन आला, तेव्हा हेल्मी नळ सोडून पोटभर रडली, तोंड धुतलं, बाहेर गेली आणि म्हणाली, "कॉफी ठेवते."

वाफेने माझा खिडकीजवळचा कोपरा सुटायचा. हेल्मी गुपचूप मैद्याची खळ करून तो बसवायची. महिन्याभराने पुन्हा सुटला, की अर्वो गुपचूप गोंद लावायचा. मला वाटायचं, काय जीव आहे दोघांचा माझ्यावर!

मग हेल्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भिंतीत आधाराचा दांडा बसवायला टेस नावाची सुतारीण आली. मला टकटक वाजवून म्हणाली, "काकू, याच्याखाली ओल धरलीय. हा काढायला लागेल."

"नको गं," हेल्मी म्हणाली. "अर्वोचा फार जीव आहे त्याच्यावर."

"माझा?" दारातून अर्वो. "मला तर ही बदकं बघून ढवळतं! तुला आवडतात म्हणून सोसली."

"मला? पहिल्या दिवसापासून डोक्यात जातात!"

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

माझी काय अवस्था झाली असेल! पण शोक करायला सवड कुठली? अर्वोने खरवडायची पत्र्याची पाती उचलली, हेल्मीने कुबडी टेकून दुसरी. दोघं एकाच उत्साहाने माझ्यावर तुटून पडले. मी निघेना. जिथे निघालो, तिथे बोर्डाची सालही घेऊन आलो. भिंत खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसू लागली.

"अहो, थांबा!" टेस ओरडली. "बोर्डच फाडाल! कोऱ्या बोर्डावर कागद? कोणत्या शहाण्याने लावलाय हा?"

अर्वोने शाळकरी पोरासारखा हात वर केला. हेल्मी इतकी हसली की नवा गुडघा सांभाळत कमोडच्या झाकणावर बसली. मग अर्वोही हसला. तो आवाज मी प्रथमच ऐकला.

टेसने ओला भाग कापून तिथे नवा तुकडा बसवला. माझ्या सुटलेल्या कडा छाटल्या, सोललेल्या जागी प्रायमर मारून पुट्टी भरली, घासून सपाट केली. उरलेला मी तिथेच राहिलो. रंग कोणता, यावर नवराबायको दोन दिवस कडाकडा भांडले. छत्तीस वर्षांत इतके बोलले नव्हते. शेवटी करडा ठरला.

टेस ब्रश घेऊन माझ्या शेवटच्या बदकापाशी आली, तेवढ्यात हेल्मीने विचारलं, "आणखी काय काय पोटात ठेवलंयस रे?"

अर्वोने घसा खाकरला. "तुझं ते माशाचं सूप..."

आणि ब्रश फिरला.

आता मी करड्या रंगाखाली आहे. दिसत नाही, नीट ऐकू येत नाही. कधी त्या घरी गेलात, तर भिंतीला तोंड लावून एवढं सांगा: सुपाचं पुढे काय झालं?