तेतियसच्या धडाखालची जागा

सकाळी, दिवसाच्या तिसऱ्या तासाला मासळीबाजारातल्या तेतियसच्या पुतळ्याचं डोकं उतरवलं गेलं आणि त्याच धडावर ओपियसचं डोकं बसवण्यात आलं. कुणाला नवल वाटलं नाही. ओपियसने बाजाराचं छप्पर नवं करून दिलं होतं, म्हणून नगरसभेने त्याला पुतळा मंजूर केला. धड जुनं वापरायचं ही तर रीतच आहे.

घोटाळा चौथऱ्यामुळे झाला. हा बाजार बांधणाऱ्या तेतियसने मरण्यापूर्वी त्यावर कोरून घेतलं होतं: 'माझा पुतळा इथे उभा आहे तोवर मी मुक्त केलेली दासी तेतिया त्याच्या पायाशी मासे विकेल.' तेतिया आता म्हातारी झाली आहे. तिला दुसरी जागा नाही.

अपर नावाचा ओपियसचा माणूस त्या जागी विकायला कालवांची टोपली घेऊन आला. "आजी, उठा. तुमचे मालक गेले."

"कुठे गेले? नडगीवरचा हा टवका बघ. पाय त्यांचेच आहेत."

"माणूस पायांवरून ओळखतात होय?"

"तुला तोंडावरून ओळखलं तर कुणी दारात उभं करेल का?"

गिऱ्हाइकं हसली. बाजार-अधिकारी मेसियसला बोलावणं गेलं. त्याने चौथरा वाचला, वर पाहिलं, पुन्हा वाचला.

"दामास, पुतळा कुणाचा?" त्याने पाथरवटाला विचारलं.

"वर ओपियसचा, साहेब. मानेखाली मी हात लावलेला नाही."

"आणि खालचा मजकूर का नाही खोडलास?"

"हुकूम डोक्यापुरता होता."

मेसियस म्हणाला, धड तेतियसचं, तेव्हा म्हातारी बसेल. अपर म्हणाला, "म्हणजे सभेने आमच्या मालकांना परक्याच्या पुतळ्यावर बसवलं? तसं कळवू त्यांना?" मेसियसने निकाल मागे घेतला.

तेवढ्यात तेतियाने जुनं डोकं उचलवून आपल्या फळीवर, मासळीच्या मधोमध ठेवलं. "हे घ्या. मालक इथेच आहेत."

"आहेत, पण उभे आहेत का?" अपरने विचारलं. यावर बाजारात दोन तट पडले आणि मासे तसेच राहिले.

दुपार कलल्यावर, नवव्या तासाला ओपियसचा निरोप आला: वाद मिटेपर्यंत माझं डोकं उतरवून ठेवा. दामासने उतरवलं. तेतिया म्हणाली, "मग जुनं चढव की, बाबा." त्याला वेगळा हुकूम लागतो, असं तो म्हणाला.

सध्या धड बिनडोक्याचं उभं आहे. उद्या त्याच्या पायाशी कुणी बसायचं, हे मेसियसने सांगितलेलं नाही.