गार वाऱ्याने बदनाम झालेली भट्टी

मी एक जुनी विजेची भट्टी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा सहजासहजी कुणावर विश्वास बसत नाही.

ड्रेस्डेनजवळच्या एका कारखान्यात मी घडले आणि तिथून या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आले. पाण्याच्या वाफेतून हायड्रोजन काढणाऱ्या चकत्या माझ्या पोटात आठशे अंशांवर ठेवतात आणि त्या किती टिकतात ते पाहतात. माझ्या जिवावर कितीतरी जण डॉक्टर झाले. निकालाच्या दिवशी, इथल्या रीतीप्रमाणे मित्रांनी बनवलेली पुठ्ठ्याची पदवीची टोपी घालून माझ्याशेजारी फोटो काढायचे आणि नंतर फिरकायचेही नाहीत. अशांवर काय भरवसा ठेवायचा?

गेल्या हिवाळ्यात इथिओपियाहून दावित आला. त्याला पीएच.डी.ची जागा मिळाली होती, पण पहिले सहा महिने कामावर नजर होती. काम जमलं नाही तर परत घरी. आणि रोज सकाळी पडद्यावरचा माझ्या तापमानाचा आकडा उगाच वर चढायचा. मग मी फसून वीज कमी करायचे आणि त्याची चकती वाया जायची.

"सकाळी हाच आधी येतो," त्याची वरिष्ठ विबके प्राध्यापक ओस्टरटागबाईंना म्हणाली. "बटणं हाच फिरवत असणार."

"मी हातसुद्धा लावत नाही," दावित म्हणाला. "ही आली की आकडा बिघडतो. हिलाच विचारा."

"भांडू नका. भट्टीच म्हातारी झालीय, भंगारात काढू," बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी बाईंवरही डोळा ठेवला.

मग विबके तापाने घरी राहिली आणि आकडा जागचा हलला नाही. दावितला वाटलं, चोर सापडला. त्याने बाईंना बोलावून आणलं.

बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "शी, किती कोंदट! इथे माणसं राहतात की बटाटे?" त्यांनी खिडकी सताड उघडली. आकडा वर चढला. खिडकी लावली, तसा उतरला.

कितीही थंडी असो, सकाळी खिडक्या उघडून हवा बदलायची ही इथल्यांची रीत. विबके रोज तेच करायची. दावित तेवढ्यात कुडकुडत चहाला पळायचा, आणि परत येईपर्यंत खिडकी लागलेली असायची. तो गार वारा माझ्या पाठीवर, तापमापकाच्या तारा जोडल्यात नेमका तिथे लागायचा. तापमापक माझ्या पोटातली उष्णता त्या सांध्याच्या तुलनेत मोजतो, म्हणून सांधा गार पडला की फरक वाढायचा आणि आकडा चढायचा.

विबके बरी होऊन आल्यावर म्हणाली, "अरे, मी तर सगळ्यांच्या तब्येतीसाठी उघडत होते."

"मला वाटलं, तू मला घालवायला बसलीयस."

"आणि मला वाटलं, तू थापा मारतोयस."

दावितची जागा टिकली. माझ्या पाठीवर झाकण बसलं आणि भंगाराचं बोलणं थांबलं. मित्रांनो, जुन्या यंत्रावर किंवा नव्या माणसावर खापर फोडण्याआधी निदान खोलीत काय चाललंय ते तरी बघत जा. माझं काम एका झाकणाने भागलं. ती दोघं मात्र चहाला जातानाही आपापल्या टेबलाच्या खणांना अजून कुलूप लावून जातात.