बर्फाच्या वहीतली शून्यं

बर्फ कारखान्याच्या वहीत तीन वर्षांचे एक हजार शहाण्णव दिवस होते. त्यांपैकी एकशे अठरा दिवसांसमोर शून्य होतं. म्हणजे बंदरातल्या एकाही होडीने बर्फ नेला नव्हता, आणि बर्फाशिवाय मासेमारीला कोणी जात नाही.

होडी फुटली तर विमा होता. समुद्र खवळला म्हणून घरी बसावं लागलं तर छदामही मिळत नसे, आणि असे दिवस दरवर्षी वाढत चालले होते. नुकतीच पदवी घेतलेली ती त्या दिवसांसाठीच नवा विमा आखत होती. खोल पाण्यातल्या तरंगत्या यंत्राने अडीच मीटरच्या वर लाटा मोजल्या, की त्या दिवसाची भरपाई. ना अर्ज, ना चौकशी. कंपनीची अट एकच होती. बुडालेल्या एकशे अठरा दिवसांपैकी निदान एकशे सात दिवशी यंत्रानेही मोठ्या लाटा नोंदवलेल्या असायला हव्यात. नाहीतर योजना बासनात.

जुळत होते एकसष्ट. कंपनीच्या बाई सहाला येणार होत्या आणि आताच पाच वाजले होते.

"काय शास्त्रज्ञबाई, जमलं का?" वडील कारखान्याच्या दारातूनच म्हणाले.

"बाबा, समुद्र किंवा हे बर्फवाले काका, दोघांतलं एक कोणीतरी थापा मारतंय."

"माझ्याकडे बघू नकोस," काका वही ओढत म्हणाले. "तीस वर्षांत बर्फाची एक लादी इकडची तिकडे झालेली नाही." मग ते वडिलांकडे वळले. "बोल रे, किती काढू?"

"आज नको. कोणालाच नकोय," वडील म्हणाले.

काकांनी आजच्या तारखेसमोर शून्य काढलं. तिने खिडकीतून पाहिलं. पाणी परातीतल्यासारखं सपाट होतं.

"समुद्र तर गप्प आहे."

"आज आहे. उद्या पहाटे बघ त्याचं तोंड."

"मग शून्य आज कशाला?"

"बर्फ आज नेतात म्हणून," काका वैतागले. "संध्याकाळी बर्फ, पहाटे होडी. मच्छीमाराची पोर ना गं तू?"

लहानपणापासून रोज संध्याकाळी घरी बर्फ फोडल्याचा आवाज ऐकत ती अभ्यास करायची. इतकी रोजची गोष्ट, की हिशेबात धरायचीच राहिली. तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि शून्यांचा अख्खा रकाना एक दिवस पुढे सरकवला. घाईत पहिल्यांदा तो दोन दिवस सरकला.

"हसतेस काय एकटीच?" वडील वाकून पाहू लागले. "मलाही कळू दे की."

"थांबा बाबा. बोलू नका. आकडा येतोय."

कंपनीच्या बाई दहा मिनिटं आधीच आल्या. पडद्यावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी दोन्ही याद्या कागदावर मागितल्या, पेन्सिल घेतली आणि एकेका तारखेवर खूण करत गेल्या. शंभराच्या पुढे वडीलही दबक्या आवाजात त्यांच्याबरोबर मोजू लागले. शेवटच्या ओळीखाली बाईंनी रेघ मारली आणि लिहिलं: एकशे अठरापैकी एकशे नऊ.